सगळ्या ‘चार्ज’ना ‘शुल्क’ म्हणू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी शब्द अडला की हल्ली कोशाआधी मोबाइल उघडला जातो. त्यात वावगे काही नाही. पण ‘चार्ज’ या शब्दाचा मराठी अर्थ विचारला की बहुधा ‘शुल्क’ हे उत्तर सर्वांत वर दिसते आणि शोधणारा तिथेच थांबतो. हा शब्द विजेच्या बिलात, कोर्टाच्या कागदात, सातबाऱ्यावर, बँकेच्या पत्रात, बदलीच्या आदेशात, नववी-दहावीच्या विज्ञानात आणि मोबाइलच्या खोक्यावर भेटतो. त्यांतल्या फार थोड्या ठिकाणी ‘शुल्क’ चालते. बाकीच्या ठिकाणी चुकीचा अर्थ धरला तर पैशाचा, जमिनीचा किंवा अब्रूचा प्रश्न येतो. म्हणून हे पत्र.

महावितरणचे घरगुती बिल काढून पाहावे. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतात आणि त्यांच्याखाली ‘वीज शुल्क १६ टक्के’ अशी वेगळी ओळ असते. वरचे चारही ‘आकार’ म्हणजे इंग्रजीतले चार्ज. ते वीज कंपनीचे, आणि दर ठरवतो तो वीज नियामक आयोग. खालचे ‘शुल्क’ म्हणजे ड्यूटी. हा कर आहे, वरच्या आकारांवर बसतो आणि राज्य सरकारकडे जातो. म्हणजे एकाच कागदावर मराठीने ‘चार्ज’ला आकार आणि ‘ड्यूटी’ला शुल्क असा चोख भेद केला आहे. मुद्रांक शुल्क, सीमाशुल्क, राज्य उत्पादन शुल्क या सगळ्या ड्यूट्याच. बिलावरच्या ‘चार्ज’ला शुल्क म्हणणारा ग्राहक कराची तक्रार कंपनीकडे आणि दराची तक्रार सरकारकडे नेतो. आता परीक्षा शुल्क, बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो तेव्हा गृहनिर्माण संस्था लावते ती रक्कम) हे शब्द रुळले आहेत, त्यामुळे मराठीतही ही सीमारेषा सगळीकडे पाळली जाते असे नाही. गृहनिर्माण संस्थेच्या बिलात ‘सेवा आकार’ आणि ‘बिनभोगवटा शुल्क’ शेजारी शेजारी असतात आणि मूळ इंग्रजीत दोन्ही चार्जच. (बिनभोगवट्याची रक्कम सेवा आकाराच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, आणि तो सेवा आकार धरताना महापालिकेचे कर वगळायचे असतात. सदनिका भाड्याने देणाऱ्यांनी हे दोन्ही आकडे बिलात ताडून पाहावेत.)

हॉटेलच्या बिलावरचा ‘सर्व्हिस चार्ज’ हा तर कर मुळीच नाही. सेवा कर १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हाच संपला. हॉटेलवाला लावतो ती त्याची स्वतःची रक्कम असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ती बिलात आपोआप किंवा सक्तीने जोडण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना उचलून धरल्या. ‘सेवा शुल्क’ असे भाषांतर केले की वाचणाऱ्याला तो सरकारी कर वाटतो आणि तो मुकाट्याने भरतो.

या शब्दाचे अर्थ इतके पांगलेले का, याचे उत्तर त्याच्या मुळात आहे. लॅटिनमध्ये ‘कॅरस’ म्हणजे गाडा. त्यावरून गाड्यावर माल लादणे या अर्थाचे क्रियापद आले, ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेले आणि ‘चार्ज’ झाले. जहाजावरचा ‘कार्गो’ही त्याच मुळाचा. म्हणजे पहिला अर्थ ‘लादलेले ओझे’. खिशावर लादले तर आकार, माणसावर जबाबदारी लादली तर पदभार, गुन्हा लादला तर आरोप, जमिनीवर लादले तर बोजा, बंदुकीत दारू ठासली तर तोही चार्ज. विशेष म्हणजे मराठीच्या राज्यकारभारातल्या शब्दांत हेच ओझे स्पष्ट दिसते: पदभार, कार्यभार, प्रभार, अधिभार, भारित, बोजा. तेव्हा अर्थ शोधताना ‘शुल्क’पासून सुरुवात करण्यापेक्षा ‘भार’पासून करावी. भार कोणावर, कोणी टाकला आणि तो उतरतो कसा, एवढे तीन प्रश्न विचारले की बहुतेक वेळा योग्य मराठी शब्द आपणहून पुढे येतो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते फौजदारी बातम्यांत, आणि इथे वृत्तपत्रांकडेही थोडा दोष जातो. ‘चार्जशीट फाइल झाली’ आणि ‘चार्ज फ्रेम झाला’ या दोन वेगळ्या घटना आहेत. त्या वेगळ्या माणसांच्या हातून घडतात आणि त्यांच्यामध्ये कित्येकदा वर्षे जातात. तपास पूर्ण झाल्यावर पोलीस न्यायालयाला अहवाल देतात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १९३ मध्ये आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७३ मध्ये होता. यालाच चार्जशीट, मराठीत दोषारोपपत्र किंवा आरोपपत्र म्हणतात. हे पोलिसांचे म्हणणे. न्यायालयाने अजून काहीही ठरवलेले नसते. त्यानंतर न्यायाधीश कागद पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि खटला चालवण्याइतका आधार दिसला तर स्वतः लेखी आरोप ठेवतात. हा खरा चार्ज. सत्र न्यायालयात तो कलम २५१ खाली ठेवला जातो, पूर्वीचे कलम २२८. त्याला ‘आरोप निश्चित झाले’ म्हणावे. ‘आरोप सिद्ध झाले’ मुळीच म्हणू नये. ‘निश्चित’ या शब्दानेही वाचकाची फसगत होते हे मान्य आहे, पण तोच रुळला आहे. शंका असेल तिथे ‘न्यायालयाने आरोप ठेवले, आता खटला चालेल’ असे सरळ लिहावे.

हा आरोप कसा असावा, हे संहितेच्या कलम २३४ आणि त्यापुढच्या कलमांत दिले आहे. गुन्ह्याचे नाव, कायदा आणि कलम, घटना कधी आणि कुठे घडली, कोणाविरुद्ध किंवा कोणत्या वस्तूबाबत घडली, हे सारे आरोपीला नेमके कळेल इतक्या तपशिलाने त्यात आले पाहिजे. तो न्यायालयाच्या भाषेत लिहायचा असतो, आरोपीला वाचून आणि समजावून सांगायचा असतो आणि मग त्याला गुन्हा कबूल आहे की खटला चालवायचा आहे, हे विचारायचे असते. निकाल जाहीर होईपर्यंत न्यायालय आरोपात बदल करू शकते किंवा भर घालू शकते. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे किरकोळ गुन्हे समन्स खटल्यांत मोडतात. तिथे असा औपचारिक आरोप ठेवावाच लागत नाही, आरोपीला आशय सांगितला की पुरते. म्हणून अशा प्रकरणात ‘चार्ज कधी फ्रेम होणार’ म्हणून वकिलामागे लागण्यात अर्थ नसतो.

मुदतींचाही इथे वारंवार घोळ होतो. अटकेतल्या आरोपीविरुद्ध ६० किंवा ९० दिवसांत काय व्हायला हवे? तर चार्जशीट दाखल व्हायला हवी. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवस, बाकीच्यांत ६०. त्या मुदतीत पोलिसांचा अहवाल आला नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. ‘९० दिवसांत आरोप निश्चित न झाल्याने जामीन’ असे छापून येते तेव्हा ते चुकीचे असते.

परदेशी मालिकांमुळे आणखी एक प्रयोग घराघरांत पोहोचला आहे, ‘प्रेस चार्जेस’. पीडित व्यक्तीला विचारले जाते, तुम्हाला चार्जेस प्रेस करायचे आहेत का? याचे मराठी ‘तुम्हाला रीतसर तक्रार पुढे न्यायची आहे का?’ असे व्हायला हवे. आपल्याकडे दखलपात्र गुन्ह्यात फिर्याद पीडिताची असली तरी खटला सरकार चालवते, त्यामुळे या वाक्याला तंतोतंत जुळणारी जागाच आपल्या पद्धतीत नाही. उपशीर्षकांत मात्र ‘शुल्क दाबायचे आहे का’ इथपर्यंत मजल जाऊ शकते. ‘ड्रॉप द चार्जेस’ म्हणजे आरोप मागे घेणे. ‘शुल्क सोडणे’ नव्हे.

आता जमीन. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात जो बोजा दिसतो, तो इंग्रजीतला चार्ज. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मध्ये त्याची व्याख्या आहे. एखाद्याची स्थावर मालमत्ता दुसऱ्याच्या पैशाची हमी म्हणून बांधली गेली, पण ते गहाण नसेल, तर तो चार्ज. गहाणात, म्हणजे कलम ५८ च्या मॉर्गेजमध्ये, मालमत्तेतला काही हितसंबंध घेणाऱ्याकडे जातो. चार्जमध्ये तसा काही जात नाही, मालमत्ता फक्त पैशाला जबाबदार राहते. व्यवहारात याचा परिणाम मोठा आहे. मोबदला देऊन आणि बोज्याची माहिती नसताना जमीन घेणाऱ्यावर, दुसऱ्या कायद्यात वेगळी तरतूद नसेल तर, असा चार्ज साधारणपणे बजावता येत नाही. पण तो सातबाऱ्यावर नोंदलेला असेल तर ‘मला माहीत नव्हते’ हे म्हणणे टिकणे अवघड. म्हणून खरेदीदाराने इतर हक्क आणि त्यामागचे फेरफार, म्हणजे नोंदीतल्या बदलांचे दाखले, दोन्ही पाहायचे असतात.

हा भार नेहमी करारानेच येतो असेही नाही. विकणाऱ्याला पूर्ण किंमत मिळण्याआधी मालकी घेणाऱ्याकडे गेली, तर उरलेल्या रकमेसाठी विकणाऱ्याचा त्या मालमत्तेवर चार्ज कायद्यानेच राहतो. उलट हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ प्रमाणे पोटगीचा भार मालमत्तेवर आपोआप चढत नाही. मृत्युपत्राने, न्यायालयाच्या हुकूमनाम्याने किंवा करारानेच तो चढतो. विकास सोसायटीच्या कर्जाची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली सभासद जे लिहून देतो त्याला गावात ‘इकरार’ म्हणतात. त्या इकराराने जमिनीवर संस्थेचा चार्ज बसतो, आणि ते कर्ज व्याजासह फिटेपर्यंत त्या जमिनीचे हस्तांतर करता येत नाही. केले तर ते कायद्याच्या दृष्टीने निरर्थक. बँकेच्या इंग्रजी पत्रातल्या ‘क्रिएशन ऑफ चार्ज’चा अर्थ ‘शुल्क आकारणी’ असा लावून कोणी सही केली तर त्याला ही जबाबदारी दिसतच नाही.

‘रिलीज ऑफ चार्ज’ किंवा ‘सॅटिस्फॅक्शन ऑफ चार्ज’ म्हणजे बोजा उतरवणे. यंत्राने याचे ‘शुल्काचे समाधान’ केले तर हसून सोडून द्यावे, पण काम सोडू नये. कर्ज फिटले म्हणजे बोजा उतरला, असे होत नाही. बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नसल्याचा दाखला, घ्यायचा, त्यात कर्ज खाते क्रमांक, मूळ रक्कम, गावाचे नाव आणि ज्या ज्या गटावर बोजा आहे ते सर्व गट क्रमांक आलेत का हे बघायचे, बोजा चढवला त्या जुन्या फेरफाराचा क्रमांक सोबत जोडायचा आणि गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्यायचा. शासनाच्या ई-हक्क प्रणालीतूनही हा अर्ज करता येतो. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला की मगच सातबाऱ्यावरची नोंद कमी होते. काम अडते ते बहुधा दाखल्यापाशी. चार गटांवर बोजा आणि दाखल्यात एकच गट, किंवा कर्ज देणारी बँक मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झालेली आणि दाखला नव्या नावाचा, पण सातबाऱ्यावर जुने नाव. दुसऱ्या प्रकारात विलीनीकरणाचा उल्लेख दाखल्यातच करून घ्यावा.

घरकर्जदारांसाठी रिझर्व्ह बँकेचे १३ सप्टेंबर २०२३ चे परिपत्रक याच शब्दावर बेतलेले आहे. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदणी झालेला चार्ज काढणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून कागदपत्रे परत देण्याची वेळ आलेल्या सर्व प्रकरणांना हे लागू आहे. परिपत्रकातला ‘चार्जेस’ हा शब्द शुल्क समजून वाचला तर बँकेने काही रक्कम माफ करायची आहे असे वाटते. माफी कसलीच नाही. बोजा उतरवायचा आहे. छोट्या कंपन्यांच्या संचालकांनी हेही पाहावे की कंपनी कायद्याखाली चार्ज निर्माण झाल्यापासून ३० दिवसांत त्याची नोंदणी करावी लागते आणि कर्ज फिटल्यावर ते फिटल्याची नोंदही करून घ्यावी लागते. ती राहिली तर फिटलेले कर्ज निबंधकाच्या दप्तरात जिवंत दिसते आणि पुढचे कर्ज मागताना आडवे येते.

बँकेच्याच दारात ‘चार्ज’ आणि ‘इंटरेस्ट’ यांतला फरक थेट पैशाचा आहे. हप्ता चुकला की पूर्वी मूळ दरावर एक-दोन टक्के ‘पीनल इंटरेस्ट’ चढवले जाई, ते थकबाकीत मिसळे आणि त्यावर पुन्हा व्याज लागे. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने हे बंद केले. आता चुकीबद्दलची रक्कम ‘पीनल चार्ज’ म्हणून वेगळी घ्यायची, व्याजदरात मिसळायची नाही आणि तिच्यावर पुढे व्याज चढवायचे नाही. मुद्दलावरचे नेहमीचे चक्रवाढ व्याज मात्र चालूच राहते. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. क्रेडिट कार्डाला लागू नाही. या दंडावर जीएसटी लागत नाही, हेही जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले गेले आहे. मराठी पत्रात याला ‘दंडात्मक आकार’ म्हणावे. ‘दंडव्याज’ हा जुना शब्द अजून कर्जखात्याच्या उताऱ्यात दिसत असेल, तर तो केवळ भाषेचा आळस आहे की हिशेबही जुनाच चालू आहे, हे शाखेत लेखी विचारावे.

अर्थसंकल्पाकडे एक धावती नजर. ‘चार्ज्ड एक्स्पेंडिचर’ म्हणजे ‘आकारलेला खर्च’ नव्हे, ‘भारित खर्च’. राज्यघटनेच्या अनुच्छेद ११२ आणि २०२ प्रमाणे काही खर्च एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, थेट भारित असतात. राष्ट्रपती आणि राज्यपालांची वित्तलब्धी, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांचे वेतन, सरकारी कर्जाची परतफेड आणि व्याज, न्यायालयाच्या निवाड्याने द्याव्या लागणाऱ्या रकमा हे त्यांतले. यावर सभागृहात चर्चा होते, मतदान होत नाही. मतदानाने मंजूर होणाऱ्या खर्चाला आपली अंदाजपत्रके ‘दत्तमत’ म्हणतात. हे दोन शब्द विधिमंडळाच्या बातम्यांत वापरले गेले तर विद्यार्थ्यांना ते स्पर्धा परीक्षेपुरते पाठ करावे लागणार नाहीत.

कचेरीतला चार्ज सर्वांना परिचित आहे: पदभार घेतला, कार्यभार सोपवला. अडचण ‘इन्चार्ज’ची आहे. ‘प्रभारी मुख्याध्यापक’ म्हणजे कायम नेमणूक होईपर्यंत काम पाहणारा. रुग्णालयातल्या ‘सिस्टर इन्चार्ज’ मात्र त्या वॉर्डच्या प्रमुख. पक्षाचा ‘प्रदेश प्रभारी’ हा तिसराच, दिल्लीहून नेमलेला. परदेशी अर्जात अनुभव लिहिताना ‘इन्चार्ज प्रिन्सिपल’ असे लिहिले तर तिकडच्या माणसाला तात्पुरतेपणा कळत नाही, तिथे ‘अॅक्टिंग’ हा शब्द लागतो. दूतावासात राजदूत नसताना काम पाहणाऱ्याला फ्रेंचमधून आलेले ‘शार्झे दाफेर’ म्हणतात. त्याचा इंग्रजी अक्षरांवरून ‘चार्ज द अफेअर्स’ असा उच्चार करू नये.

विज्ञानात चार्ज म्हणजे विद्युतप्रभार, एकक कूलोम. मोबाइलच्या खोक्यावरचे ५००० मिलिअँपिअर-तास हे प्रभाराचेच माप आहे. ५ अँपिअर एक तासभर, म्हणजे ५ गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे १८,००० कूलोम. ते ऊर्जेचे माप नाही. ऊर्जा काढायला व्होल्टेजने गुणावे लागते. बॅटरीच्या बाबतीत ‘चार्ज करणे’ असेच म्हणावे. तिथे ‘प्रभारित करणे’ पाठ्यपुस्तकाबाहेर कोणी म्हणत नाही आणि म्हणायची गरजही नाही. पोलिसांच्या ‘लाठीचार्ज’ला मात्र ‘लाठीमार’ हा चांगला, कणखर शब्द असताना उसना का घ्यावा, कळत नाही.

इंग्रजीत हा शब्द वापरायचा असेल तर सारी मदार त्यापुढच्या छोट्या शब्दांवर असते. गुन्ह्यासाठी ‘चार्ज्ड विथ’: ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट. ‘ऑफ’ हा शब्द ‘अक्यूज्ड’बरोबर जातो, चार्जबरोबर नाही. ‘चार्ज्ड ऑफ थेफ्ट’ ही चूक या दोघांच्या सरमिसळीतून होते. पैशासाठी ‘फॉर’: दे चार्ज्ड मी टू हंड्रेड रुपीज फॉर द रिपेअर. इथे माणूस आणि रक्कम दोन्ही क्रियापदाला थेट लागतात, मध्ये ‘टु’ किंवा ‘फ्रॉम’ घालायचे नाही. खात्यावर टाकायचे असेल तर ‘टु’: चार्ज इट टु माय अकाउंट. अमेरिकेत नुसते ‘चार्ज इट’ म्हणजे कार्डावर घ्या. मालमत्तेवर ‘ऑन’. आणि मराठी माणसाला हमखास चकवणारी जोडी: ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’ म्हणजे मूल नर्सच्या ताब्यात. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजेही तेच. मध्ये ‘द’ आला की नाते उलटे होते. ‘द चाइल्ड इज इन चार्ज ऑफ द नर्स’ असे लिहिले तर मुलाच्या हाती वॉर्ड दिल्यासारखे होईल. फुकट या अर्थी ‘फ्री ऑफ चार्ज’, इथे ‘चार्जेस’ नाही आणि ‘द’ही नाही.

मग शोधायचे कसे? एकटा शब्द टाकू नये. ज्या वाक्यात तो भेटला त्यातला आधीचा आणि नंतरचा शब्द जोडून शोधावे: ‘फ्रेमिंग ऑफ चार्ज’, ‘चार्ज ऑन प्रॉपर्टी’, ‘अॅडिशनल चार्ज’, ‘रिव्हर्स चार्ज’. शेवटच्याचा अर्थ उलटा आकार असा नाही. जीएसटीत विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरण्याची ती पद्धत आहे, आणि व्यावसायिकाने वकिलाची सेवा घेतली की ती लागू होऊ शकते. इंग्रजी कोशात नाम आणि क्रियापद वेगळे पाहावे आणि अर्थाआधी ‘लॉ’, ‘फायनान्स’, ‘फिजिक्स’ अशी खूण आहे का ते बघावे. कागद सरकारी किंवा न्यायालयीन असेल तर भाषा संचालनालयाचे न्यायव्यवहार कोश आणि शासन व्यवहार कोश पाहावेत. राज्य शासनाच्या शब्दकोश संकेतस्थळावर ते विनामूल्य आहेत. तिथेही एका शब्दापुढे चार-पाच प्रतिशब्द दिसतील. त्यांतला पहिला उचलायचा नाही, तर आपल्या कागदातला भार कोणावर आहे ते पाहून निवडायचा. यंत्राचे भाषांतर वापरायचेच असेल तर पूर्ण वाक्य द्यावे आणि आलेले मराठी वाक्य पुन्हा इंग्रजी करून पाहावे. ‘चार्ज’च्या जागी ‘फी’ परत आले की समजावे, अर्थ वाटेतच हरवला.

आपल्या वृत्तपत्राला विनंती एवढीच की ‘चार्ज’बरोबर त्याच्या भावंडांचीही काळजी घ्यावी. पाऊस-पाण्याच्या बातम्यांत ते उत्तम होते. धरणाच्या ‘डिस्चार्ज’ला सगळी मराठी वृत्तपत्रे ‘विसर्ग’ म्हणतात, विहिरींच्या ‘रिचार्ज’ला ‘पुनर्भरण’ म्हणतात, ‘सरचार्ज’ला ‘अधिभार’ म्हणतात. वाचकाला कुठेही अडत नाही. न्यायालयाच्या ‘डिस्चार्ज’पाशी मात्र गाडी घसरते. खटला सुरू होण्याआधीच पुरेसा आधार नाही म्हणून आरोपीला सोडणे म्हणजे डिस्चार्ज, आणि खटला चालून, पुरावा ऐकून सोडणे म्हणजे अॅक्विटल. ‘दोषमुक्त’ हा एकच शब्द दोन्हींसाठी छापला जातो. कायद्याने डिस्चार्ज म्हणजे अॅक्विटल नव्हे. एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, डिस्चार्ज झालेल्याला ते संरक्षण नाही, नवा पुरावा आला तर त्याच्यावर पुन्हा कारवाई होऊ शकते. पहिल्याला ‘आरोपमुक्त’ आणि दुसऱ्याला ‘निर्दोष मुक्तता’ असे ठरवून, सगळ्या आवृत्त्यांत तेच शब्द वापरले, तर मथळा वाचूनच कळेल की प्रकरण संपले आहे की नुसते थांबले आहे.

कळावे,
आपला,
एक कायदेविषयक भाषांतरकार, सातारा